बाहीवरच्या माश्या

योगेंद्रला आजवर अकरा मुलींनी नकार दिला होता. नऊ जणींनी तो शेती करतो म्हणून, आणि दोघींनी कारण सांगायचीही तसदी घेतली नव्हती. बारावी दिपमाला, धरणगावजवळची. निघायच्या घाईत त्याने एक गाढवपणा केला. गिलक्याच्या मांडवात फळमाशीचे सापळे टांगलेले होते, त्यांत नवं गंधाचं औषध भरायचं राहिलं होतं. ते त्याने ठेवणीतला शर्ट अंगात घालूनच भरलं आणि बाहीवर चार थेंब सांडले. माणसाच्या नाकाला त्या गंधाचं फारसं काही वाटत नाही. नर माशीचं मात्र भान सुटतं.

दिपमालाच्या वडिलांच्या, सुकदेवनानांच्या ओट्यावर पोहे आले. नाना भावी जावयाला सोडून आपल्या परसातल्या कारल्यांचंच कौतुक सांगत होते. "मन्हा मांडवमा एक फळमाशी दखाडा, मिशी उतरी देसू!"

तेवढ्यात पहिली माशी योगेंद्रच्या बाहीवर बसली. मग आणखी सात. दिपमाला चहा घेऊन बाहेर आली तोवर बाहीचा रंग दिसेनासा झाला होता. पोह्यांकडे एकही माशी ढुंकून बघेना.

"हाऊ पोऱ्या अंगले गूळ लाईसन उना का?" नानांनी विचारलं.

स्थळ आणणाऱ्या लोटनमामाने योगेंद्रचा पाय दाबला. "आमनी जीपमाच व्हत्यात त्या, नाना."

योगेंद्रने नुसती मान डोलावली असती तरी निभावलं असतं. पण बाकी कशाच्याही बाबतीत गप्प बसणारा हा माणूस, फळमाशीच्या बाबतीत त्याला खोटं बोलवेना.

"नाना, माश्या आठल्याच शेतस," तो म्हणाला. "बठ्ठ्या, एकूणएक नर. तुम्हना मांडवमातून उन्यात."

"म्हन्जे मी लबाड?" नानांनी पोह्यांची बशी खाली आपटली. मामाने निघायला टोपी चढवली. योगेंद्रला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मुलगी त्याला बघताक्षणी आवडली होती, आणि तिच्याशी एक शब्दही बोलायच्या आत त्याने तिच्या बापाला खोटं पाडलं होतं.

दिपमालाने ट्रे ठेवला, परसात गेली आणि एक हिरवंगार कारलं घेऊन आली. बापापुढे तिने ते मोडलं. आत अळ्या वळवळत होत्या.

"महिनाभरपाईन मी हाईच सांगी ऱ्हायनी," ती म्हणाली. "तुम्ही म्हनतस, पोरगीले काय समजस."

नानांचा हात मिशीवर गेला. "लगननं काय ते नंतर कळाडसूत," ते शेवटी मामाला म्हणाले.

"नंतर कशाले? मन्हा होकार शे," दिपमाला म्हणाली. "या घरमा मन्हं म्हननं आज पहिल्यांदा खरं ठरनं."

नकार ऐकून कसं उठायचं, हे योगेंद्रला पाठ होतं. होकारानंतर काय बोलतात, ते त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

"एकरी दहा सापळा लागतीन," तो म्हणाला.