उर्वीचं यंत्र

"मॅडम, शोधकर्ता म्हणून अर्णवचंच नाव टाका," दिवाकर म्हणाले. "उर्वीचं नको. तिचं लग्न जुळून राहिलं."

भिलाईच्या वैशाली नगरात पेटंटचं ते छोटं ऑफिस होतं. उर्वी वडिलांच्या शेजारीच बसली होती, आणि यंत्र तिचं होतं. जामुलजवळ त्यांचा कारखाना. माल वाहून नेणाऱ्या कन्व्हेयर पट्ट्याचं बेअरिंग तापून आग लागण्याआधीच नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणारं, पट्टा थांबवणारं यंत्र तिनं बनवलं होतं. सर्किट तिचं, सॉफ्टवेअरही तिचंच. भाऊ अर्णव फक्त विक्री पाहायचा.

समोर बसलेली संघमित्रा पेटंट अॅटर्नी होती. भिलाईच्याच खुर्सीपारात वाढलेली, वडील स्टील प्लांटमध्ये कामाला. आधी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर, मग कायद्याची पदवी, मग बंगळुरूच्या फर्ममध्ये कितीतरी वर्षं सॉफ्टवेअर आणि इलेक्ट्रॉनिक्सचीच पेटंटं. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा ती भिलाईला परतली. इथं तिला काम देणारे मोजकेच, आणि तेही बहुतेक दिवाकरांच्या ओळखीचे.

"मालकी कंपनीचीच राहीन, दिवाकरजी," ती शांतपणे म्हणाली. "पण शोधकर्ता म्हणून ज्यानं शोध लावला त्याचंच नाव द्यावं लागते."

"कायदा मले नका शिकवू. उद्या सासरचे हक्क सांगत आले तर? पोरगी परक्या घरची!"

"शेडमध्ये बसून हे यंत्र करत होती तेव्हा घरची, अन् नाव लावतेवेळी परकी? हे कसं?"

"दीदी, रहने दो ना," उर्वी खाली मान घालून म्हणाली. "घरात भांडण नको."

"खोटं नाव मी टाकणार नाही."

दिवाकर उठले. त्यांनी दुसरा सल्लागार गाठला आणि अर्णवच्या नावानं अर्ज गेला. पाठोपाठ संघमित्राची बाकीची कामंही आटली. ऑफिस सोडून तिनं खुर्सीपारच्या घरातल्या पुढच्या खोलीत टेबल मांडलं.

"एवढी अडून कावून बसली?" वडिलांनी पलंगावरून विचारलं. "नाव कोनाचंही असो, तुले काय?"

"बाबा, मी सही केली असती, तर तिच्या बापासंगं मीपण तिले पुसून टाकलं असतं."

उर्वीचं लग्न होऊन ती रायपूरला गेली आणि यंत्रांचं काम सुटलं. पुढं काही वर्षांनी पेटंट कार्यालयाची ऑनलाइन सुनावणी लागली. जुन्या यंत्रांपेक्षा तुमचं सॉफ्टवेअर वेगळं काय करतं, असा प्रश्न पडद्यावरून आला. सल्लागारानं अर्णवकडे पाहिलं. अर्णव घाम पुसत राहिला. दिवाकरांनी बाहेर येऊन घाईनं उर्वीला फोन लावला.

"बेटा, जल्दी सांग, ते यंत्र बिघाडाचा आवाज कसा ओळखते ते?"



"पापा, ज्याचं नाव आहे त्याले विचारा."

फोन बंद झाला.

अर्ज नामंजूर झाला. अपिलाची मुदत बाप-लेकांनी एकमेकांना दोष देण्यात घालवली. तोवर दुसऱ्या एका कंपनीनं तसंच यंत्र बाजारात आणलंही! तेव्हा दिवाकर पहिल्यांदाच खुर्सीपारच्या गल्लीत आले.

"चुकलो मी, मॅडम. आता उर्वीच्या नावानं पुन्हा टाका."

संघमित्राला या माणसाचा राग होता. पण त्याचा पडलेला चेहरा पाहून तिला बरंही वाटलं नाही. "आता नाही होत," ती म्हणाली. "पेटंट कार्यालयाच्या पत्रिकेत अर्ज छापून आला, माहिती उघडी झाली, अन् उघड्या गोष्टीले पेटंट भेटत नाही. तुमच्या यंत्रावर आता कोनाचाच हक्क नाही."

"मग मी काय करू?"

"तिच्याकडं जा. पेटंटसाठी नाही. तिच्यासाठी."

दिवाकर रायपूरला गेले. उर्वीनं दार उघडलं, पाणी दिलं.

"ते यंत्र तुझंच होतं, बेटा!" दिवाकर म्हणाले. "सगळ्यांसमोर सांगीन मी. कारखान्यात चाल, पुन्हा काम कर."

उर्वीनं रिकामा ग्लास उचलला.

"आता सांगून काय, पापा? मी सर्किटचं सोल्डरिंग करणंही विसरली."



वाचकहो, आपण मुलींना शिकवतो आणि त्याचा अभिमानही मिरवतो. पण त्यांच्या कामावर नाव लावायची वेळ आली की आपल्याला त्यांचं सासर आठवतं. मुलीच्या कामाला तिचं नाव द्या, आणि ते काम तिच्या हातात असतानाच द्या! उशिरा मागितलेल्या माफीनं बापाचं मन हलकं होत असेल. मुलीची गेलेली वर्षं परत येत नाहीत.