जावयाचा बर्फ

घरात जेवायला बसताना डोळ्यांवर काळा चष्मा चढवणारा माणूस रुद्रम्मानं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. आता रोज पाहत होती, आणि तो परका कुणी नसून तिचाच जावई होता. ताटातली भाकरी पांढरी की काळी, आमटी दाट की पातळ, ह्याचा त्या माणसाला पत्ता नसायचा. वर डोक्याला लोकरीची टोपी. बाहेर उन्हानं लिंबाचा पाला करपलेला, कुत्रं रांजणाच्या बुडाशी जीभ काढून पडलेलं, आणि हा महारुद्र कान झाकून भाकरी मोडतोय.

"सवय लावतोय," तो बायकोला, शिवगंगेला सांगायचा. "बर्फावर ऊन लई चमकतं. डोळं जातेत माणसाचं."

जावयाशी सासूनं तोंडावर बोलायचं नसतं. रुद्रम्माच्या माहेरी तीच रीत, सासरी तीच, आणि रीत मोडणाऱ्या बायांना ती दारात उभं करत नसे. पदर पुढं ओढायचा आणि जे सांगायचं ते तिसऱ्याला सांगायचं, जावयाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. शिवगंगा जवळ असली तर तिला, नसली तर चंद्रीला. चंद्री म्हणजे दावणीची म्हैस. दोन वर्षांच्या दुष्काळात आटून गेलेली, पण रुद्रम्माचं सगळं ऐकून घेणारी.

"चंद्रे," ती गोठ्यातनं म्हणायची, "तुझं बरं हाय बाई. दूध देत न्हाईस, पर टोपी तरी मागत न्हाईस."

हे खूळ घरात शिरलं ते सहकाराच्या दारानं. उमरग्याकडच्या त्या गावात दूध संस्था होती आणि महारुद्र तिचा सेक्रेटरी. जागा सासऱ्यांच्या शब्दावर मिळाली होती. सासरे वारले, जावई राहिला. चार दिवस राहतो म्हणाला होता. पाऊस दडला, गावच्या म्हशी आटल्या, संस्थेचे कॅन भिंतीला पालथे पडले, तेव्हा संचालक मंडळानं ठराव केला, की दूध थंड कसं ठेवावं ह्याचा अभ्यास करायला काश्मीरला जायचं. थंड ठेवायला आधी दूध लागतं, असं सभेत कुणी बोललं नाही. रुद्रम्मा बोलली, पण ती चंद्रीशी. बाकीच्यांनी दौऱ्यावरनं शाली आणल्या, अक्रोड आणले. महारुद्रानं ध्येय आणलं.

ध्येयाचा फोटोही होता. गुलमर्गच्या उतारावर महारुद्र उभा, पायांना दोन लांब लाकडी पट्ट्या बांधलेल्या, दोन्ही हातांत काठ्या, तोंडावर देश जिंकल्याचं हसू. ह्याला स्की म्हणतात, पाखरासारखं जातं माणूस, असं त्यानं घराला समजावलं. फोटो त्यानं सोप्यात सासऱ्यांच्या तसबिरीशेजारी लावला, तोही त्याच उंचीवर. रुद्रम्मानं जवळ जाऊन निरखला. महारुद्राच्या डाव्या कोपराशी एक हात होता. जाडजूड, फिरनच्या, म्हणजे तिकडच्या ढगळ लोकरी अंगरख्याच्या बाहीतला, घट्ट धरलेला. हाताचा मालक फोटोबाहेर राहिला होता.

"शिवगंगे, तो हात कुणाचा गं?"

"असंल कुणाचा तरी, अव्वा."

पलंगावरनं महारुद्र खोकला आणि त्यानं कूस बदलली.

फोटोशेजारच्या भिंतीवर त्यानं गेरूनं मोठ्या अक्षरांत, खालनं वर, लिहून काढलं. रुद्रम्मा दुसरीत असतानाच शाळेतनं उठली होती. अक्षराला अक्षर लावत तिनं वाचलं. पहिल्या साली तोल. मग उतार, मग वळण, मग उडी. सगळ्यात शेवटी, छताच्या जवळ, देशासाठी पदक. प्रत्येकापुढं साल घातलं होतं. दर पाडव्याला महारुद्र ओल्या फडक्यानं सालं पुसायचा आणि पुढची घालायचा. तोलाचं साल दोनदा पुढं गेलं, तसं पदकाचंही गेलं. पदकाला उशीर होतोय ह्याचं मात्र त्याला खरंच वाईट वाटायचं. त्या दिवशी तो पुरणाची एकच पोळी खायचा.

मधे तालुक्याला शीतकरण केंद्रात जागा निघाली. दूध तपासायचं काम, पगार महिन्याच्या महिन्याला. महारुद्र गेला नाही. "ध्येयावरनं नजर हलली की माणूस संपला," म्हणाला, आणि चष्मा पुसला.

शिवगंगा नवऱ्याची बाजू घ्यायची. "माणसाला म्होरचं कायतरी दिसाय पायजे, अव्वा. दुसऱ्यांचे नवरे पत्ते कुटतेत."

"पत्ते कुटणारा निदान भुईवर बसतो गं! ह्यो तर अजून घसरला बी न्हाय आन भुई बी सोडून बसलाय."

श्रावणात महारुद्र रोज सकाळी बाहेर पडू लागला. खांद्यावर घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी लांब. जायचा पाझर तलावाकडं. हा तलाव बहात्तरच्या दुष्काळात सगळ्या गावानं बांधला होता. रुद्रम्मानं सुद्धा, इतक्या एकरांची मालकीण, पदर खोचून मातीच्या पाट्या वाहिल्या होत्या. आता त्याच भरावाच्या उतारावरनं जावई गडगडत खाली येतो आणि येड्या बाभळीत जाऊन बसतो, असं विहिरीवरच्या बाया सांगायच्या, हसू दाबत. संध्याकाळी शिवगंगा चिमणीजवळ बसून त्याच्या पाठीतले काटे काढायची.

त्या घोंगडीत काय आहे, हे रुद्रम्मानं विचारलं नाही. विचारायचं तर जावयाला विचारावं लागलं असतं, आणि म्हशीला विचारून उत्तर येत नाही.

तिचं सगळं ध्यान दुसरीकडं होतं. माळवदाच्या अंधाऱ्या खोलीत एका कणगीत बियाण्याची जवारी होती. राख आणि लिंबाचा पाला घालून, वरनं शेणानं लिंपून ठेवलेली. दोन वर्षं पेरायला ओल मिळाली नव्हती. घरात रेशनच्या धान्यावर दिवस काढले, उसन्या पिठाच्या भाकरी खाल्ल्या, पण त्या कणगीचं तोंड रुद्रम्मानं फोडू दिलं नव्हतं. ते बी गेलं की रानाशी बोलायला तोंड राहणार नाही, असं ती म्हणायची, आणि हे ती म्हशीला नाही, स्वतःला म्हणायची.

भाद्रपदात दोन दिवस पाऊस लागून राहिला. तिसऱ्या दिवशी उघडीप पडली, पाय रुतायचा थांबला आणि रान वापशावर आलं. रुद्रम्मानं कणगी फोडली. सालगडी कल्याणप्पानं तिफण जुंपली, शिवगंगा बी सोडायच्या चाड्यावर मूठ धरून चालली. सकाळभर पेरलं. दुपारी त्याच बैलांना फळी जुंपायची. पेरलेल्या तासांवरनं सागाची जड फळी फिरली म्हणजे बी झाकतं आणि ओल आत कोंडते. नाही फिरली, तर वरनं ऊन आणि लिंबावरचे पारवे, दोघं मिळून संध्याकाळपर्यंत रान मोकळं करतात. गावात त्या दिवशी ज्याची फळी त्याच्याच रानात होती. मागून मिळायची सोय नव्हती.

कल्याणप्पा फळी आणायला गेला तो रिकाम्या हातांनी आला. मुंडाशात बोट घालून डोकं खाजवत उभा राहिला.

"अव्वा, फळी न्हाय."

"न्हाय म्हंजी? आढ्याला टांगलीया."

"दोऱ्या टांगल्यात. फळी न्हाय."

शिवगंगेनं खाली पाहिलं. आईला तेवढं पुरलं.

"बोल."

"त्यांनी नेली," शिवगंगा म्हणाली. "इतकं गुळगुळीत लाकूड काश्मिरात बी मिळायचं न्हाय, म्हणले. सुगी नव्हती, पेरणी नव्हती… मला वाटलं, पाऊस काय येतोय."

तेवढ्यात तलावाच्या वाटेनं महारुद्र येताना दिसला. आज घोंगडी नव्हती. खांद्यावर दोन लांब पट्ट्या, चिखलानं माखलेल्या, टोकाला मोडक्या गाडीचाकाचे बाकदार तुकडे ठोकलेले. रुद्रम्मा बांधावरनं उतरून पुढं गेली. तिच्या फळीच्या मधोमध एक काळी गाठ होती. नवरा त्या गाठीवर टाच रोवून उभा राहायचा, त्याच्या आधी सासरा. आता अर्धी गाठ एका पट्टीवर होती, अर्धी दुसरीवर.

महारुद्रानं तिफण पाहिली, बैल पाहिले, सासू पाहिली. चष्मा काढला.

रुद्रम्मानं पदर पुढं ओढला. वळून ती बैलाकडं गेली आणि त्याच्या वशिंडावर हात ठेवला.

"राजा," ती म्हणाली, आणि आवाज साऱ्या शिवारात गेला, "तुझ्या धन्याची फळी चिरली रं. गोरोबा सुताराला हाक मारून आण म्हणावं कल्याणप्पाला. खिळे घिऊन यी म्हणावं, आन तोंड लपवून यी."

गोरोबा आला. "अव्वाचा हुकूम हाय, असं सेक्रेटरी म्हणले म्हणून चिरली," एवढंच पुटपुटला. रुद्रम्मानं त्याच्या हातात बाभळीच्या दोन आडव्या पट्ट्या दिल्या. दोन्ही अर्धुकं शेजारी ठेवून त्यानं वरनं ठोकली. काळी गाठ पुन्हा जुळली, मधे बोटभर फट ठेवून. चाकाचे बाकदार तुकडे काढायला वेळ नव्हता. पण चिरताना आणि रंधा मारताना लाकूड इतकं गेलं होतं, की फळी हलकी झाली होती. बैलांनी ओढली तशी वरच्यावर नाचत गेली. बी उघडंच राहिलं.

"वजन पायजे," कल्याणप्पा म्हणाला. "धोंडा ठिवावा का?"

"धोंडा कशाला?" रुद्रम्मा बैलाला म्हणाली. "राजा, दोन वर्सं भाकरी घालून वजन केलंय की आपुन."

महारुद्र समजला. आणि खरं सांगायचं तर त्याच्या डोळ्यांत तशातही एक चमक आली. तो फळीवर चढला, गुडघे वाकवले, कंबर पुढं घातली, दोन्ही मुठी छातीशी घेतल्या आणि "चालू द्या!" म्हणाला. कल्याणप्पानं बैल हाकले. फळी हलली आणि महारुद्र मागं बसला. उठला, चढला, ह्या वेळी पुढं पडला, तोंडावर. टोपीत काळी माती भरली. शेजारच्या रानातली तिफण थांबली. पलीकडचा बंडप्पा बैल सोडून बांधावर उकिडवा बसला, तमाशाला बसल्यासारखा.

"कुणीतरी जरा धरा!" महारुद्र ओरडला. "पयल्यांदा धरावं लागतं. तिकडं बी धरत्यात!"

शिवगंगा धावली. सकाळभर चाड्यावर चालून तिचे पाय पोटऱ्यांपर्यंत मातीनं भरले होते. तिनं नवऱ्याचं डावं कोपर धरलं. फळी चालू लागली. वर महारुद्र, गुडघे वाकवून, हसत. खाली शिवगंगा, ओल्या ढेकळांतनं धडपडत, त्याच्या बाजूनं पळत. रुद्रम्मा बांधावर उभी होती. तिला शेत दिसेना, बैल दिसेनात. एक कोपर दिसलं आणि त्याला धरलेला हात. सोप्यातला फोटो तिच्या रानात चालत होता.

सूर्य कलेपर्यंत फळी फिरली. बी झाकलं. अर्ध्याअधिक रानावर तरी झाकलं. पारवे लिंबावर बसून राहिले. रुद्रम्मा घरी आली, घमेल्यात शेण कालवलं आणि सोप्याची भिंत सारवायला घेतली. वरनं खाली. आधी पदक गेलं, मग उडी, मग वळण.

तोलापर्यंत हात आला होता, तेव्हा महारुद्र हातपाय धुऊन आत आला. भिंतीकडं त्याचं लक्षही गेलं नाही. त्याच्या अंगात नवंच वारं शिरलं होतं.

"शिवगंगे, ऐकलंस का? बर्फाची गरजच न्हाय! मातीवर, बैलांच्या मागं! आख्ख्या देशात कुणाला सुचलं नसंल. आपुन संस्था काढू. मराठवाडा सहकारी स्की संस्था, मर्यादित. धाराशिवला जाऊन नोंदणी करायची, गावोगाव सभासद करायचे. मी चेअरमन. म्होरच्या पाडव्याला काय लिवायचं ते ठरलं बग! पयलं साल, इमारत—"

"जावईबापू."

शिवगंगेच्या हातातला तांब्या तिथंच थांबला. लग्न झाल्यापासनं तिनं आईचा आवाज नवऱ्याच्या तोंडावर ऐकला नव्हता. रुद्रम्मा भिंतीपासनं वळली होती. शेणानं भरलेले हात तसेच, पदर मागं पडलेला, आणि तो तिनं सावरला नाही.

"तुमच्या त्या फोटूत कोपराशी हात हाय. त्यो कुणाचा, ह्ये म्या लेकीला इचारलं, आन घोंगडीत काय, ह्ये कुणालाच इचारलं न्हाय. तुमास्नीच इचारलं असतं तर माझी फळी वाचली असती. ती चूक माझ्या रीतीची. आज रानात हात बगितला. आता इचारायचं काय ऱ्हायलं न्हाय, सांगायचं ऱ्हायलंय. तुमी घसरणारं माणूस न्हाय, आन उबं ऱ्हाणारं बी न्हाय. तुमी धरून ठिवल्यालं माणूस हाय. आन जी धरती, तिला तुमच्या येवड्या सालांतलं एक साल दिलं न्हाय तुमी. उद्या सकाळी खालच्या रानात पेरणी हाय. ह्या बांधापासनं त्या बांधापतुर फळीवर एकल्यानं उबं ऱ्हावा, मग काडा तुमची संस्था, गेरू म्या आणून दीन. तवर ह्या घरात तुमचं ध्येय येकच: माज्या लेकीचा हात सोडा."