इश कोमं

कुमार जर्मन शिकला, पण जर्मनमध्ये निरोप घ्यायला काही शिकला नाही. फलटणच्या घरात 'जातो' म्हणायची सोय नव्हती. निघणारा कितीही लांब निघालेला असो, त्याने 'येतो' म्हणायचं आणि घरातल्यांनी 'ये' म्हणायचं. कुमारने हीच रीत वोल्फ्सबुर्गला आणली, तीही शब्दाला शब्द लावून. निघताना तो म्हणायचा, "इश कोमं." मी येतो. ऑफिसातले लोक सुरुवातीला बिचारे त्याची वाट बघत थांबायचे. बायको, हाइके, तर अजून हसायची. पण जित्याची खोड ती.

हाइकेचे वडील गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात होते. सासऱ्यांना वेर्नर अशी नावाने हाक मारायला कुमारची जीभ कधी वळली नाही. तो त्यांना 'बाबा'च म्हणायचा. बाबांच्या खिडकीबाहेर मक्याचं रान होतं, पार धुक्यात विरून जाणारं. ते बघता बघता म्हाताऱ्याची आठवण सैल होत गेली. एका रविवारी कुमारच्या झुबकेदार मिशांकडे बघून ते म्हणाले, "ओपा, आलात तुम्ही?"

ओपा म्हणजे आजोबा. बाबांचे आजोबा ऑगुस्ट, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी बायको-मुलींना घेऊन हॅम्बर्गहून बोटीने अमेरिकेला गेले. नेब्रास्कात त्यांनी शेती केली, संसार केला आणि तिथल्याच मातीत गेले. धाकटा हान्स, म्हणजे बाबांचे वडील, डोळे आले म्हणून बंदरावरच अडवला गेला आणि मावशीकडे राहिला. मागाहून नेऊ म्हणेपर्यंत महायुद्ध लागलं, आणि नेणं राहूनच गेलं. हान्स जन्मभर कडवट राहिला. घरात उरला तो ऑगुस्टचा एक मिशाळ फोटो.

"हान्सला टाकून का गेलात?" बाबा दर रविवारी विचारू लागले. पुढे पुढे तर उत्तर मिळेना म्हणून जेवेनासे झाले.

"सांग ना त्यांना, तू कुमार आहेस म्हणून," हाइके म्हणाली.

कुमारचं ते धाडस होईना. तो खिडकीशी बसून नेब्रास्का सांगू लागला. आता नेब्रास्का त्याने कुठे पाहिला होता? त्याला ठाऊक होतं ते स्वतःच्या आजोबांचं रान. म्हणून मग नेब्रास्कात ऑगुस्ट पहाटे धारा काढायचा, मुलींच्या वेण्या घालून द्यायचा, रविवारी सगळ्यांना घोडागाडीतून चर्चला न्यायचा. आणि मक्यावर पाखरं उतरली की माळ्यावर चढून गोफण फिरवायचा. दुपारी बांधावर कांदा बुक्कीने फोडायचा. बाबांची बोटं पांघरुणावर हळूच गोफण फिरवायची. बाहेर मका डुलायचा, आणि त्यातून चाललेला माणूस ऑगुस्ट आहे की आपले आजोबा, हे कुमारलाही सांगता आलं नसतं.

"पण हान्स?" बाबांनी त्याला थांबवलं. "निघताना त्याला काय म्हणालात?"

गोफण रचता येते, पण एका पोराला बापाने दिलेला निरोप कसा रचायचा? कुमारनेही फलटणच्या दारात आईला 'येतो' म्हटलं होतं, आणि तो इथेच म्हातारा होत होता. त्याला फार लाज वाटली. त्याने कोट उचलला, दारापर्यंत गेला आणि सवयीने म्हणाला, "इश कोमं."

बाबा उठून बसले.

"असं म्हणालात?"

"हो," कुमार म्हणाला. "आमच्यात असंच म्हणतात."

"म्हणजे सोडून गेला नव्हतात."

"नाही, बाबा."

बाबांनी सूप मागवलं आणि सगळं संपवलं. त्यानंतर त्यांनी तो प्रश्न कधीच विचारला नाही.

मक्याची कापणी झाली, खिडकीबाहेर नुसतं उघडं रान उरलं, तेव्हा बाबांनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी हाइकेला बाजूला घेऊन काय ते सांगितलं. त्या दुपारी बाबांनी दोघांना जवळ बोलावलं, कुमारचा हात धरला आणि अगदी स्पष्ट म्हणाले, "इश कोमं."

हाइकेला रडू फुटलं. "पापा कुठे येतायत, कुमार? ते तर चाललेत."

कुमारने बाबांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"या, बाबा," तो मराठीत म्हणाला.