तारे थांबवणारे ताराधीश

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पडद्यावर दोन फोटो झळकत होते. दोन्ही काल रात्री याच इमारतीच्या गच्चीवरून, दहा-दहा मिनिटं कॅमेरा उघडा ठेवून काढलेले. पहिल्यात प्रत्येक ताऱ्याची रेघ झालेली. दुसऱ्यात प्रत्येक तारा टाचणीच्या टोकाएवढा, जागच्या जागी.

"पहिला फोटो काढला तेव्हा आम्ही जेवत होतो," ताराधीश म्हणाले. "दुसऱ्या वेळी आम्ही डोळे मिटले. आकाशानं श्वास रोखला! तारे थांबले, ग्रह थांबले. आणि ज्याचे ग्रह थांबले, त्याला औषधाची गरजच काय?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्यांना स्वतःची स्कूटर उतारावर थांबवता येत नव्हती, तेही माना डोलावत होते.

मागच्या रांगेत बसलेल्या फोटोवालीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. वीस वर्षं स्टुडिओ चालवलेली बाई. एरवी असल्या थापा ती हसून सोडून द्यायची. पण शेजारी तिची थोरली बहीण बसली होती. ताईला फिट यायच्या. या माणसाच्या शब्दावर तिनं तीन दिवसांपासून गोळ्या बंद केल्या होत्या.

फोटोवाली उभी राहिली. "महाराज, तारे थांबले, मग ही पाण्याची टाकी कुठं निघाली?"

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. दुसऱ्या फोटोच्या कोपऱ्यात गच्चीवरची टाकी होती, ओल्या रंगावरून कुणी बाही फिरवल्यासारखी फरफटलेली.

"ते आमचं तेज आहे, बाई!"

"पहिल्या फोटोत टाकी ठणठणीत उभी आहे. तुम्ही तारे थांबवलेत की टाकी पळवलीत?"

कुणीतरी फिसकन हसलं. ती तरातरा मंचावर गेली. तिथं तोच कॅमेरा मखमल पांघरून दर्शनाला ठेवला होता.

"हात लावाल तर भस्म व्हाल!" शिष्य किंचाळला.

तिनं मखमल ओढली आणि भस्म काही झाली नाही. कॅमेऱ्याखाली एक छोटी पेटी होती. तिनं बटण दाबताच पेटी गुरगुरू लागली.

"ही मोटर आहे," ती म्हणाली. "पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकताना दिसतात. मोटर कॅमेऱ्याला त्यांच्याच मागोमाग हळूहळू फिरवते. मग तारे ठिपके राहतात आणि जमिनीवरचं सगळं फरफटतं. मोटर नसेल तर दहा-पंधरा सेकंदांत फोटो उरकायचा, तेवढ्यात तारे फारसे सरकत नाहीत. हौशी लोक रोज करतात हे, डोळे उघडे ठेवून!"

ताराधीशांनी डोळे मिटले. बहुधा सभागृह थांबवायचं असावं, पण लोक उठू लागले होते.

"मग माझे ग्रह गं?" ताईनं विचारलं.

"ते त्यांच्या वाटेनं चाललेत. त्यांना तुझं नावसुद्धा माहीत नाही, ताई."

ताईला रडू कोसळलं. मग तिनं डोळे पुसले. "डॉक्टर रागावतील का?"

"रागावू देत. तीन दिवस बुडालेत, गोळी कशी सुरू करायची ते आत्ताच विचारू," म्हणत फोटोवालीनं फोन लावला.

चमत्कार दाखवणाऱ्याला प्रश्न विचारा. त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. डॉक्टरला न विचारता गोळी सोडणारं माणूस मात्र एक दिवस स्वयंपाकघरात एकटंच कोसळतं, आणि त्याला उचलायला कुठलाही ताराधीश येत नाही.