परीक्षेतला गुडघा

वर्षातून दोनदा माझा डावा गुडघा परीक्षेला बसतो. मी सोबत जातो, एवढंच.

फिजिओथेरपीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रात्यक्षिकासाठी जिवंत पेशंट लागतो. जिवंत पेशंटांचा भरवसा नसतो. परीक्षेच्या तारखेपर्यंत ते बरे तरी होतात, नाहीतर कुणाच्या लग्नाला तरी जातात. मी कुठेही जात नाही. नऊ वर्षांपूर्वी पंखा पुसताना स्टुलावरून पडलो आणि गुडघ्यातली गादी फाटली. प्रत्येक गुडघ्यात अशा दोन गाद्या असतात, चंद्रकोरीच्या आकाराच्या. घरातल्या गाद्यांसारख्या त्या उन्हात घालता येत नाहीत आणि उसवल्या तर बायकोला सांगून उपयोग नसतो. याच कॉलेजातल्या सरांनी मला तीन महिन्यांत बरं केलं. पण माझी केस त्यांच्या मनात भरली. त्यांनी एक कार्ड टाइप करून प्लास्टिकमध्ये घातलं: ‘खाट क्रमांक चार. डावा गुडघा.’ तेव्हापासून मी चार नंबर.

गुडघा बरा झाला होता, म्हणजे दुखण्याचा भाग मला अभिनयाने भरून काढावा लागे. मी शाळेत भूगोल शिकवतो. वर्गात कॉपी करणाऱ्या पोरांना उभं करतो, आणि इथे आडवं पडून कॉपी पुरवतो. विद्यार्थ्याचा अंगठा गुडघ्याच्या आतल्या फटीवर बरोबर पडला की मी "आई गं" म्हणतो. जवळपास पडला तर नुसता श्वास ओढतो. अगदीच भरकटला तर छताकडे बघतो. एका वर्षी निकाल शंभर टक्के लागला तेव्हा सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "जरा आवरा. वरून विचारणा झाली आहे."

दोन वर्षांपूर्वी तो पाय खरंच दुखायला लागला. मला बरं वाटलं. एवढ्या वर्षांनी भूमिकेला न्याय मिळाला.

मुलं मला काका म्हणतात आणि मी त्यांना नावांनी ओळखत नाही, चुकांनी ओळखतो. त्यातली एक होती तिबारा. तिची ही तिसरी खेप. चौथी खेप नियमात बसत नव्हती, आणि वडिलांच्या टाइल्सच्या दुकानात काउंटरमागे तिच्यासाठी खुर्चीसुद्धा मांडून झाली होती. पहिल्या खेपेला ती स्वतःच्या हिमतीवर नापास झाली. दुसऱ्या खेपेला माझ्यामुळे. त्या दिवशी मला चहा मिळाला नव्हता. तिने अगदी नेमक्या जागी दाबलं, आणि मी रुसून छताकडे बघत पडून राहिलो. तिने लिहिलं, ‘दुखत नाही.’ तिथेच ती खेपही गेली. ते माझ्या मनाला सहा महिने लागून होतं. या वेळी तिच्यासाठी एक ठेवणीतली किंकाळी मी घरून तयार करून आणली होती. बायकोने बाथरूमच्या दारावर थाप मारून विचारलं होतं, "पडलात का?"

पडदा सरकवून ती आत आली. मागोमाग सर. त्यांच्या खिशात कोन मोजायची प्लास्टिकची पट्टी कायम असते, फाउंटन पेनसारखी. कोपऱ्यातल्या खुर्चीत बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक बाई बिस्किट खात बसल्या होत्या.

"ओळखलंत का काका?"

"ओळखलं. आज चहा झालाय," मी हळूच म्हणालो. "बिनधास्त दाब."

ती हसली नाही. "बूट-मोजे काढता?"

"गुडघा बुटाच्या वर असतो," सर म्हणाले. "तिसऱ्या खेपेला तरी."

"हो सर. तरी बघते."

मी उजवा बूट काढला, मोजा काढला. डावा बूट उजव्या पायाने टाचेला रेटून पाडला. आत मोजा नव्हता.

"डावा मोजा कुठेय?"

"राहिला असेल."

"नेहमी राहतो?"

"बायकोने एक हिवाळा घालून दिला. मग म्हणाली, लग्नात कबूल केलेल्या गोष्टींत मोजा नव्हता."

परीक्षक बाई चावायच्या थांबल्या. तिबारा माझ्या पावलांकडे बराच वेळ बघत राहिली. आजवर इतक्या मुलांनी मला तपासलं, पण पावलांची एवढी विचारपूस कुणी केली नव्हती. मी संकोचून बोटं आखडून घेतली.

मग ती गुडघ्याकडे आली. वाटी हलवून पाहिली, दोन्ही बाजूंचे बंध ताणून पाहिले, सूज चाचपली. अंगठा आतल्या फटीवर आला आणि मी कबूल केल्याप्रमाणे किंकाळी फोडली.

मी शाळेत बाकाखाली चिठ्ठी लपवणाऱ्या पोराकडे जसा बघतो, तशी ती माझ्याकडे बघत होती.

"काका. खरं."

"खरं म्हणजे," मी आवाज बारीक केला, "तिथे नाही दुखत."

"मग?"

"वर. आत, जांघेत. तिथून मांडीतून गुडघ्यात उतरतं. पण ते कार्डावर नाहीये."

तिने माझा पाय उचलला. मांडी छताकडे, गुडघा काटकोनात, आणि पाऊल हलकेच बाहेरच्या बाजूला नेलं, म्हणजे मांडीचं हाड खुब्यात आतल्या बाजूला वळतं. जेमतेम बोटभर वळलं आणि फुगलेल्या दारासारखं गच्च बसलं. मी जो आवाज केला तो माझ्या ठेवणीतला नव्हता. त्यात काही शब्दही होते, जे मी नववीच्या पोरांकडून जप्त केले होते.

"वा," सर म्हणाले. "मॅडम, या गृहस्थांना मुलांची फार दया येते."

"सर, खरंच दुखलं," मी म्हणालो.

"मागच्या परीक्षेतही खरंच दुखलं होतं. त्या मुलाने उजवा गुडघा दाबला होता."

नऊ वर्षं मी पोरांना तारलं होतं, आणि जिचं खरोखर देणं लागत होतो, तिच्या वेळी माझी साक्ष कवडीमोल झाली होती.

सरांनी घड्याळ पाहिलं. "केस गुडघ्याची आहे. चार मिनिटं आहेत. गुडघ्याचं निदान सांग, व्यायाम सांग आणि मोकळी हो. मला काही तुला टाइल्स विकायला पाठवायची हौस नाही."

"पोरी, गुडघा म्हण," मीही कुजबुजलो. "मी कुणाला सांगणार नाही."

ती खाटेची कड धरून उभी होती. मला वाटलं, म्हणेल. मी असतो तर केव्हाच म्हणालो असतो.

"सर, गुडघा चांगला आहे. खुबा झिजलाय. खुब्याला जाणाऱ्या नसांच्या फांद्या गुडघ्यालाही जातात, म्हणून डोकं गोंधळतं. भाडेकरू वरच्या मजल्यावरचा भांडतोय आणि आपण खालच्याचं दार वाजवतोय."

"पुरावा? यांचं ओरडणं सोडून."

"नखं, सर."

सगळ्यांनी माझ्या पावलांकडे पाहिलं. उजव्या पायाची नखं नेटकी कापलेली होती, शिक्षकाला शोभतील अशी. डाव्या पायाची मात्र एखाद्या म्हाताऱ्या गिधाडाला शोभली असती.

"उजवी काका स्वतः कापतात. डाव्या पावलापर्यंत हात न्यायला खुबा वाकवून बाहेर वळवावा लागतो, आणि तो वळत नाही. म्हणून मोजाही नाही. ओरडणं ऐनवेळी करता येतं, सर. एवढी नखं ऐनवेळी वाढवता येत नाहीत."

परीक्षक बाईंना ठसका लागला. बिस्किटाचा चुरा गुणपत्रिकेवर उडाला. त्या उठून जवळ आल्या आणि एखादा जुना शिलालेख वाचावा तशा वाकल्या. "किती महिन्यांची?"

"मेहुणा आला होता, त्याने कापली होती," मी म्हणालो. "त्यानंतर तो आला नाही."

सरांनी मग स्वतः माझा पाय उचलला. सावकाश, दोन्ही पाय, आळीपाळीने. पट्टी लावली. उजवा पस्तीस अंश वळला, डावा पाच. पट्टी पुन्हा लावली. पाचच. त्यांनी ती खिशात ठेवली, बाहेर काढली, पुसली, परत ठेवली. मी मनात हिशेब करत होतो. दोन वर्षं, चार परीक्षा, दर वेळी दहा मुलं. तिच्या दोन खेपा वजा जाता अडतीस जणांनी एका धडधाकट गुडघ्याला आजारी ठरवून पदवी घेतली होती, आणि प्रत्येकाला मी कण्हून अनुमोदन दिलं होतं. कार्ड टाइप करणारे आणि अडतिसांच्या अडतिसांना बरोबर म्हणणारे सर खिडकीबाहेर बघत होते.

"काठी कुठल्या हातात देशील?" त्यांनी अचानक विचारलं.

"उजव्या."

"दुखतो डावा."

"म्हणूनच उजव्या. डाव्या खुब्यावरचा भार कमी होतो."

"व्यायाम?"

"उजव्या कुशीवर झोपवून डावा पाय वर उचलायला लावीन, खुब्याच्या बाजूचे स्नायू ढिले पडलेत. पण आधी एक्स-रे."

बाईंनी पेन उघडलं. "सर, गुण कुठे देऊ? सगळे रकाने गुडघ्याचे आहेत."

सर घसा खाकरून म्हणाले, "केस मुद्दामच अशी ठेवली होती. बघत होतो, कुणाच्या लक्षात येतं." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गेल्या नऊ वर्षांत त्यांनी माझ्याकडे प्रथमच काही मागितलं होतं.

"हो ना," मी म्हणालो. "दोन वर्षं आम्ही दोघं वाटच बघतोय."

बाईंनी एकदा सरांकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, समासात गुण लिहिले आणि बाजूला ‘उत्तीर्ण’ लिहून सरांची सही घेतली. सरांनी सही करताना चष्मा लावला नाही.

पडद्याबाहेरून तिचा आवाज ऐकू आला. फोनवर होती. "बाबा, ती खुर्ची उचला तिथून... नाही, मी रडत नाहीये, ओरडू नका." मग नाक ओढत ती पुन्हा आत डोकावली.

"काका, एक्स-रे उद्या. मी येते सोबत. आणि नखं आज कापून घेऊ नका."

"का?"

"बाहेर अजून सहा जण बसलेत."

पुढचा आला. उंच, घामाघूम, हातात वही. सरांनी कार्ड बदललं नव्हतं. त्याने ते वाचलं, ‘डावा गुडघा’, आणि सुटका झाल्यासारखा थेट गुडघ्यावर आला. अंगठा अगदी बरोबर आतल्या फटीवर पडला. त्याने आशेने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

चहा झालेला असूनही मी कण्हलो नाही. फक्त डाव्या पायाचा अंगठा जरा हलवला.