बरणीवालीची अट

प्रोग्रॅम विक्रीला बाहेर पडण्याआधी त्यात कुणाकुणाचा कोड आहे आणि तो कुठल्या अटींवर घेतलाय, हे तपासणं त्याचं काम. म्हणून ऑफिसात त्याला सगळे फौजदार म्हणत. औषधांच्या दुकानांसाठी लेबलं छापणारा हा प्रोग्रॅम सोमवारी जायचा होता. लांबलचक नाव चिंचोळ्या लेबलावर बसवणारी एक छोटी लायब्ररी, म्हणजे तयार कोडाचा तुकडा, त्यात होती. नोकरी सोडून गेलेल्या कुणीतरी इंटरनेटवरून उचललेली. फौजदाराने तिची पहिली फाइल उघडली आणि तो पहिल्याच ओळीवर थांबला.

लेखिकेच्या जागी लिहिलं होतं, बरणीवाली. खाली तिच्या भावाचं नाव.

बरणीवाली म्हणजे त्याची बायको. स्वयंपाकघरातल्या बरण्यांना लेबलं लावायला तिने हा कोड लिहिला, आणि मग या टोपणनावाने सगळ्यांना खुला केला. तिला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

नावाखाली अट होती. कोड फुकट वापरा, पण ज्या प्रोग्रॅममध्ये घालाल तो पुढे देताना त्याचा सगळा कोड याच अटीवर खुला करा. आणि इथे त्याच प्रोग्रॅममध्ये प्रिंटर कंपनीकडून विकत घेतलेला एक भाग होता, ज्याचा कोड कुणालाही दाखवायचा नाही असा करार. एक म्हणतो उघडं ठेवा, दुसरा म्हणतो झाकून ठेवा. दोघं एका छपराखाली नांदणं शक्यच नव्हतं.

तो साहेबांकडे गेला.

"अहो, मग अडलंय कुठे?" साहेब म्हणाले. "वहिनींचा कोड म्हणजे आता तुमचाच की. आपल्यापुरती सूट द्या, सही करा आणि मोकळे व्हा. ग्राहक माझ्या मानगुटीवर बसलाय."

"त्यात तिच्या भावाचंही काम आहे. त्याचीही परवानगी लागेल."

"मग लावा फोन! मेहुणाच आहे ना, वाघ तर नाही!"

ती गेल्यापासून मेहुण्याशी त्याचं धड बोलणं झालं नव्हतं. जिन्यात उभं राहून त्याने फोन लावला. रिंग वाजत होती, आणि मेहुण्याने हो म्हणावं की नाही, हेच त्याला कळत नव्हतं.

"बोला भावोजी. जेवताय ना वेळेवर?"

त्याने सगळं सांगितलं.

"माझं काय, मी आत्ता सही करतो. मला तर तेव्हाच विकायचा होता तो. ताईने आठवडाभर डोकं खाल्लं माझं. म्हणे, मी दुसऱ्यांचा उघडा कोड वाचून शिकले, माझ्या कोडाला कुलूप लागू देणार नाही. शेवटी मीच हात टेकले. तुम्हाला बोलली नाही?"

"नाही."

"बोलली असेल हो. तुम्ही तिच्या चुका काढण्यात गुंग! ठरवा तुम्ही. तुम्ही केलीत तर मीही करतो."

आता सगळं त्याच्यावरच आलं. टेबलावर सूट देण्याचा कागद तयार होता. त्याने पेनाचं टोपण काढलं. एका सहीत सोमवार सुटत होता, साहेब खूश होणार होते, कुणाचंच काही बिघडणार नव्हतं. ती नाही म्हणायला येणार नव्हती, आणि नेमकं तेच त्याला सोसवेना.

कागद तसाच घेऊन तो केबिनमध्ये शिरला. "सही नाही करत. तिचा कोड काढून टाकू."

"आणि नवा कोण लिहिणार? तुम्ही?"

"मी नाही. तिच्या शेजारी बसून प्रत्येक ओळ तपासलीये मी. लिहायला बसलो तर तिचाच कोड उतरेल, आणि त्याबरोबर तिची अटही. ज्याने तो पाहिलेलाच नाही, त्याने लिहायला हवा."

साहेबांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे सोमवार गेला. फौजदार, तुम्ही मला बुडवणार!"

लायब्ररी त्याने स्वतःच्या हाताने काढून टाकली. काम मिळालं नुकत्याच लागलेल्या मुलीला. ती कोपऱ्यातल्या खोलीत बसली. हा दाराबाहेर येरझाऱ्या घालत राहिला.

तिने डोकं बाहेर काढलं. "सर, नाव फारच लांब असेल तर कुठे तोडू?"

उत्तर त्याच्या ओठांवर आलं होतं. बायको बरणी हातात धरून नाव मोठ्याने वाचायची आणि जिथे श्वास घेईल तिथे ओळ तोडायची.

"मला विचारू नकोस."

"चिडलात का?"

"नाही गं. मला सांगता येत नाही, एवढंच."

संध्याकाळी पहिलं लेबल छापून आलं. औषधाचं नाव भलत्याच ठिकाणी तुटलं होतं, शेवटचं अक्षर एकटंच खाली पडलेलं. मुलगी त्याच्या तोंडाकडे बघत होती. केबिनमध्ये ग्राहकाचा फोन पुन्हा वाजायला लागला.

त्याने ओठ घट्ट मिटले आणि लेबल तिला परत दिलं.

"पुन्हा कर," एवढंच तो म्हणाला.