पाव गोळी

सिदेरिस घरजावई म्हणून यायचा होता, तेव्हा त्याच्या येण्यातून आपल्या पदरात काय काय पडणार, याचा हिशेब झखारियासने साखरपुड्याआधीच मनात मांडून ठेवला होता. पहिलं म्हणजे तळघरातल्या चीजच्या वड्या, एकेक वडी स्कूटरच्या चाकाएवढी, संगमरवरी पायऱ्यांवरून वर दुकानात वाहायला दोन तरणे खांदे. तेही बिनपगारी, कारण जावयाला पगार देणारा सासरा ग्रीसच्या या नाक्सोस बेटावर अजून जन्मायचाय. दुसरं, बंदरावर जायला-यायला हक्काचा ड्रायव्हर. तिसरं, एकुलती एक लेक आर्गिरो डोळ्यांसमोर राहणार. आणि चौथं तो मनातसुद्धा हलक्या आवाजात म्हणायचा: जावई स्वस्तात पडला. डोंगरातल्या गावांतली कुठलीही वरमाय मुलीकडून घर मिळालं तरी वर जैतुनाची एखादी बाग मागितल्याशिवाय पुढ्यातल्या कॉफीला हात लावत नाही. सिदेरिसच्या आईने काही म्हणजे काही मागितलं नाही. उलट कॉफी पिऊन स्वतःचा कप धुऊन ठेवला.

असं कसं, हे झखारियासने विचारलं नाही.

आर्गिरोच्या लक्षात राहिला तो बापाचा अंगठा. पाहुण्यांदेखत त्याने सिदेरिसचा हात ओढून घेतला, तळवा उलटा केला आणि वडी पिकली की नाही ते पाहावं तसा अंगठ्याने दाबून पाहिला. तळवा पिवळट, जाड, चीजच्या सालीसारखा टणक.

"याला म्हणतात हात!" झखारियास म्हणाला. "नाहीतर आजकालची पोरं. मोबाइल धरला तरी फोड येतो."

सगळे हसले. सिदेरिसही हसला, मान खाली घालून. बाजारात बोकडाचा जबडा उघडून दात बघतात, तसलं काहीतरी आपल्या बैठकीत चाललंय आणि बोकडसुद्धा खूश आहे, असं आर्गिरोला वाटलं.

त्या तळव्यांचा अर्थ बेटावर कुणाला ठाऊक नव्हता असं नाही. हातापायांना जाड साल आणि डोक्यावर मेंढीसारखी लोकर असलेल्या माणसाने काळीज तपासून घ्यावं, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. तसली माणसं शेतात उभ्या उभ्या कोसळल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत. सिदेरिस डोकं तुळतुळीत ठेवायचा. "शाळेत असतानाच तपासलंय, ठणठणीत आहे," असं त्याने तिला सांगितलं होतं. तिला तो आवडला होता, म्हणून तिने ते खरं धरलं. लग्नानंतर ती त्याच्या भेगाळलेल्या टाचांना जैतुनाचं तेल चोळायची, आणि तो त्या खरखरीत तळव्याने तिची पाठ खाजवून द्यायचा. "नवरा केलाय का खराटा?" ती म्हणायची, आणि पाठ आणखी पुढे करायची.

पण त्या घरात खरा मान होता तो पाशाचा. पाशा म्हणजे झखारियासचा बोका. नारिंगी, झुपकेदार, कुण्या परदेशी बोटवाल्याने मागे सोडलेला. दिवसभर दुकानाच्या काचेत पसरलेला असायचा. गोऱ्या बाया त्याचे फोटो काढायला आत शिरायच्या आणि मग लाजेकाजेस्तव चीज घेऊन बाहेर पडायच्या. आदल्या वर्षी त्याला धाप लागायला लागली. होरात, म्हणजे खालच्या बंदराच्या शहरात, अंथी नावाची जनावरांची डॉक्टर आहे. तिने सोनोग्राफी केली आणि सांगितलं, हृदयाच्या खालच्या कप्प्याची भिंत जाड झालीय. रोज पाव गोळी. जिना बंद, दगदग बंद, दचकणं बंद.

झखारियासने शब्द न् शब्द पाळला. दुकानातला रेडिओ मुका झाला. गिऱ्हाईक मोठ्याने हसलं की तो ओठांवर बोट ठेवायचा. आणि बोक्याला जिना बंद म्हटल्यावर जावई त्याला कडेवर घेऊन वर-खाली करायचा.

मे महिन्यात सिदेरिस तळघरात वडी उचलता उचलता कोसळला. घटकाभराने उठून बसला आणि वडीला तडा गेला का ते आधी बघितलं. आर्गिरो त्याला फरफटत अथेन्सला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या तळव्यांकडे पाहिलं, मान हलवली आणि मग तपासण्या केल्या. हृदयाच्या उजव्या कप्प्याची भिंत झिजत चालली होती. छातीत एक यंत्र बसवायचं, काळीज भरकटलं तर झटका देऊन त्याला ताळ्यावर आणणारं. तारीख जुलैची. तोवर रोज एक गोळी, आणि वजन उचलणं पूर्ण बंद.

"जुलैत?" झखारियास म्हणाला, जणू जावई ऐन हंगामात मधुचंद्राला निघाला होता.

"बाबा, डॉक्टरांनी तारीख दिलीय."

"डॉक्टरांना काय, त्यांचं गिऱ्हाईक बारा महिने. आपलं दोन. पंधरा ऑगस्टला पानाइया मातेची जत्रा होऊ दे, मग खुशाल जा. मी स्वतः बोटीवर सोडायला येतो. काय जावईबापू?"

"सण होऊ दे, आर्गिरो," सिदेरिस म्हणाला. "मला बरं वाटतंय."

ती आठवडाभर भांडली. मग थकली, आणि तिनेच फोन करून तारीख पुढे ढकलली.

जूनभर सिदेरिस गोळीने मरगळलेला असायचा. जुलै लागला आणि तो एकदम तरतरीत झाला. पुन्हा वड्या वाहायला लागला, शीळ घालायला लागला. गोळ्या आणायचं-द्यायचं काम झखारियासने आपणहून अंगावर घेतलं होतं. कधी नव्हे तो बाप शहाण्यासारखा वागतोय म्हणून आर्गिरोने देवळात मेणबत्तीही लावली.

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी ती दुकानाच्या मागच्या खोलीत गेली. झखारियास ओट्यावर चीजच्या सुरीने एक गोळी कापत होता. मेणावर चालवावी तशी हलक्या हाताने सुरी चालवून त्याने चार तुकडे केले. एक तुकडा मऊ चीजच्या गोळ्यात दाबून पाशाला दिला. दुसरा उचलून सिदेरिसच्या कॉफीच्या बशीत ठेवला.

"हे काय?"

"गोळी."

"त्याची पूर्ण असते, बाबा."

"पूर्ण! अगं, घोड्याचा डोस आहे तो. जूनमध्ये बघितलंस ना? वडी आणायला गेला की तिथेच बसायचा, अंडी उबवल्यासारखा. डबीवरचं नाव वाच. बोक्याच्या डबीवर तेच, याच्या डबीवर तेच. दुखणं एक, औषध एक. पाशा पाव गोळीवर कसा टुणटुणीत आहे!"

"तो बोका आहे!"

"म्हणूनच म्हणतो. बोक्याला पुरते, तर धडधाकट माणसाला का पुरू नये?"

तेवढ्यात सिदेरिस हात पुसत तळघरातून वर आला. त्याने बशीकडे पाहिलं, बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला नवल वाटलं नाही, हे आर्गिरोने टिपलं.

"तुला माहीत होतं?"

"पूर्ण घेतली की पाय शिशाचे होतात गं. नुसतं बसून राहायचं, तर गाव काय म्हणेल? सासऱ्याच्या घरी आयतं गिळतोय."

"आणि पाव घेऊन मेलास, तर काय म्हणेल?"

बशीतला तुकडा उचलून सिदेरिसने तिच्यादेखत कॉफीबरोबर गिळला. पाशाने निदान थुंकायचा प्रयत्न तरी केला होता.

आर्गिरोने तिथल्या तिथे अंथीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. अंथी आधी हसली, मग ओरडायला लागली.

"दुखणं एक? झखारियासकाका, बोक्याची डावी भिंत जाड होऊन त्याचं घर आवळतंय. सिदेरिसची उजवी भिंत झिजतेय, तिथे चरबी भरतेय, त्याचं घर ढासळतंय! आणि डोस वजन बघून ठरतो. आजच्या आज त्याला अथेन्सला न्या."

"बरं बरं," झखारियास म्हणाला. "तुम्ही भेटलाच आहात म्हणून विचारतो, डॉक्टर. उकाडा फार वाढलाय. पाशाची गोळी थोडी कमी करावी का?"

आर्गिरोने फोन बंद केला. बापाकडे बघताना नासलेल्या दुधाचा वास यावा तसं तिचं नाक आकसलं.

"तुम्हाला लग्नाआधीच कळलं होतं."

"न कळायला मी आंधळा आहे? डोकं भादरलं म्हणून हात लपतात का? त्याची आई बाग मागत नाही, तेव्हाच ओळखलं." त्याने अंगठ्याला लागलेला गोळीचा चुरा चाटला आणि तोंड वाकडं केलं. "म्हटलं, दहा वर्षं तरी निघतील. आणि तुला तो आवडलाच होता की."

हे तो सिदेरिससमोर बोलला. आणि सिदेरिस, खाली बघत, रिकामा कप बशीत नीट सरळ करून ठेवत होता. दोघांपैकी कुणाची किळस जास्त येतेय, हे आर्गिरोला ठरवता येईना.

"संध्याकाळच्या बोटीने निघायचं," ती नवऱ्याला म्हणाली. "तोवर कशालाही हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं."

ती बॅग भरायला वर गेली. खाली गल्लीच्या तोंडाशी जत्रेची एक बस रिकामी झाली आणि दुकान माणसांनी भरलं. तिने त्याचे शर्ट घातले, डॉक्टरांचे कागद घातले. मग खालून बापाचा लाडीक आवाज आला, "जावईबापू, एकच वडी! जर्मन लोक खोळंबलेत!"

"नको रे!" ती जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडली.

पण तो तळघरात उतरला होता. वडी पायऱ्यांवरून गडगडत गेल्याचा आवाज तिने ऐकला, आणि नंतरचा दुसरा, मऊ आवाज.

ती पोचली तेव्हा झखारियास वरच्या पायरीवर उभा राहून फोनवर बोलत होता. "पडलाय हो, डॉक्टर! लवकर या! नाही, नाही, पाशा नाही, पाशा मजेत आहे. जावई!"

काळजाची डॉक्टर म्हणून त्याच्या फोनमध्ये एकच नंबर होता, अंथीचा. तिने तिकडून रुग्णवाहिका धाडली. ती जत्रेच्या गाड्यांत अडकली आणि शेवटी गल्लीच्या तोंडाशी थांबली, कारण आमच्या गल्ल्यांत गाढवाखेरीज काही शिरत नाही. तोवर आर्गिरो सिदेरिसची छाती दाबत होती. हात भरून आले, तरी दाबत होती. माणसं स्ट्रेचर घेऊन धावत आली, तेव्हा त्यांनी तिला हळूच बाजूला केलं आणि एकमेकांकडे पाहिलं.

आता कुणाचं किती गेलं ते बघा. सिदेरिसने होतं नव्हतं ते सगळं दिलं. आर्गिरोने नवरा दिला, आणि तारीख आपणच पुढे ढकलली हे ओझं जन्मभर पुरेल इतकं पदरी घेतलं. अंथी त्या बोक्यावर उपचार करते, पण दुकानाची पायरी चढत नाही. झखारियासने मयताला आलेल्यांना कॉफी, ब्रँडी आणि माशाचं सार दिलं, आणि माशाचा भाव ऐकून कोळ्याशी वाद घातला. तो खर्च आठवडाभरात निघाला, कारण हळहळायला आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जात नाही. पाशाला पाव गोळी वेळेवर मिळते. त्याला वर न्यायला आता कुणी नाही, म्हणून झखारियासच त्याला उचलून जिना चढतो. मध्यावर थांबतो, धापा टाकतो, आणि आर्गिरो वरून उतरताना दिसली की म्हणतो, "बघ पोरी, शेवटी सगळं माझ्याच अंगावर पडलं."

आर्गिरो भिंतीला चिकटून अंग चोरते, आणि तो जाईपर्यंत श्वास रोखून धरते.